बंदी आली तेव्हा अजगर रुळला होता: फ्लोरिडातील बर्मीज अजगर आणि अमेरिकी कायद्याचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या केंद्र सरकारने बर्मीज अजगराच्या आयातीवर आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या त्याच्या वाहतुकीवर बंदी घालणारा अंतिम नियम २३ जानेवारी २०१२ रोजी राजपत्रात छापला. बरोबर आठवड्याने, ३० जानेवारीला, तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात रात्री रस्त्यांवरून गाडी फिरवून केलेल्या प्राणिगणनेची आधीच्या नोंदींशी त्यात तुलना होती. रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलं होतं, ओपॉसम या पिशवीधारी प्राण्याचं ९८.९ टक्क्यांनी, बॉबकॅट या रानमांजराचं ८७.५ टक्क्यांनी. ससे आणि कोल्हे नव्या पाहणीत दिसलेच नाहीत.

बंदी आणि नुकसानीचा हिशोब एकाच महिन्यात कागदावर आले, आणि हे मला केवळ योगायोगाचं वाटत नाही. ज्या कायद्याखाली ही बंदी घातली गेली, तो व्यवहारात प्राणी हानिकारक असल्याचा पुरावा आधी मागतो आणि त्यानंतर दार बंद करतो. अजगरासारख्या लपून राहणाऱ्या, सावकाश पसरणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत असा पुरावा जमेपर्यंत त्याला परत आणण्याची वेळ टळलेली असते. फ्लोरिडात नेमकं हेच घडलं. ते कसं घडलं, कायद्याने कुठे वेळ घालवला आणि कुठे खरोखर काम केलं, याची ही मांडणी आहे.

अजगर आणि त्याचं नवं घर

बर्मीज अजगर मूळचा आग्नेय आशियाचा. दक्षिण चीनपासून भारताच्या ईशान्य भागापर्यंत तो आढळतो. २००९ पर्यंत त्याला भारतीय अजगराची उपजात मानलं जाई. नंतर तो स्वतंत्र जात ठरला. कातडं, मांस आणि पाळीव प्राण्यांचा बाजार यांसाठी त्याची इतकी पकड झाली की मूळ प्रदेशात तो आज 'असुरक्षित' प्रजातींच्या यादीत आहे. मायदेशात ज्याला वाचवायची धडपड चालली आहे, त्याच प्राण्याला फ्लोरिडात मारण्यासाठी सरकार पैसे मोजतं. यात अजगराचा काही दोष नाही, एवढं आधीच नोंदवलेलं बरं. या विषयावरच्या चर्चेत सापाला खलनायक करण्याची घाई फार होते.

एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान १९४७ मध्ये स्थापन झालं. साधारण १५ लाख एकरांचा हा प्रदेश: उथळ, संथ वाहणारं पाणी, त्यात उभं करवती कडांचं गवत, मधूनमधून झाडांची उंच बेटं आणि समुद्राकडे कांदळवनं. हिवाळा सौम्य, पाणी मुबलक, आणि छोट्या-मध्यम आकाराचे सस्तन प्राणी व पाणपक्षी विपुल. विळखा घालून मारणारा एवढा मोठा साप या प्राण्यांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता, त्यामुळे त्याच्यापासून सावध राहण्याची उपजत सवयही त्यांच्यात नव्हती.

अमेरिकेत हा साप आला तो पाळायला. अंड्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मीटरच्या आसपास असतं, अंगावरची नक्षी देखणी, स्वभाव तुलनेने शांत. १९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९ हजार बर्मीज अजगर कायदेशीरपणे अमेरिकेत आयात झाले. देशातल्या देशात होणारी पैदास वेगळीच. चांगलं खायला मिळालं तर हेच पिल्लू काही वर्षांत तीन मीटरच्या पुढे जातं. त्याला मग खोलीएवढी जागा लागते, मोठं भक्ष्य लागतं आणि हाताळायला दोन माणसं लागतात. हे सगळं विकत घेताना कुणी समजावून सांगत नसे, आणि नकोसा झालेला अजगर घेणारंही कुणी नसे. प्राणिसंग्रहालयांनाही किती अजगर लागणार?

फ्लोरिडात या सगळ्याची सुरुवात कशी झाली याची एक लोकप्रिय गोष्ट आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये 'अँड्र्यू' नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं, त्यात उद्यानाजवळचं सरीसृप-पैदास केंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथले अजगर दलदलीत गेले, अशी ती गोष्ट. वादळ खरं, केंद्राची नासधूसही खरी. पण उद्यान परिसरात अधूनमधून अजगर दिसल्याच्या नोंदी वादळाच्या आधीच्या आहेत, आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासानुसार १९८५ च्या आधीच थोड्या अजगरांपासून ही वस्ती सुरू झाली असणं जास्त संभवतं. वादळाची गोष्ट सोयीची आहे, कारण त्यात कुणाचीच जबाबदारी उरत नाही. पाळलेला साप थकून, कंटाळून, किंवा त्याला 'मोकळं' करण्याच्या भाबड्या भावनेने दलदलीत सोडणारी माणसं मात्र त्या गोष्टीतून सुटून जातात.

२०१८ च्या एका जनुकीय अभ्यासाने या इतिहासात आणखी एक धागा जोडला. दक्षिण फ्लोरिडातल्या सुमारे ४०० अजगरांच्या नमुन्यांपैकी १३ मध्ये भारतीय अजगराच्या जनुकीय खुणा सापडल्या. म्हणजे दलदलीत पोहोचण्याआधीच कुठेतरी दोन जातींचा संकर झालेला होता. बाजारात प्राणी जातीच्या नावाने विकले जातात, आणि कायद्याची यादीही जातीच्याच नावाने बनते. प्रत्यक्षातले साप असे नावाच्या चौकटीत बसत नाहीत, ही गोष्ट यादी बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवी.

यादीत नाव घालायला लागलेली वर्षं

उद्यानात अजगर प्रजनन करत आहेत, हे २००० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मान्य केलं. ऑक्टोबर २००५ मध्ये एका मगरीला गिळताना पोट फुटून मेलेल्या अजगराचं छायाचित्र जगभर छापलं गेलं आणि विषय घरोघरी पोहोचला. जून २००६ मध्ये दक्षिण फ्लोरिडाच्या जलव्यवस्थापन मंडळाने केंद्राच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे अर्ज केला, की बर्मीज अजगराला 'हानिकारक वन्यजीव' ठरवा.

हा अर्ज ज्या कायद्याखाली होता तो लेसी कायदा सन १९०० चा. आयोवाचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे दोन भाग वेगळे समजून घेतले नाहीत तर पुढचा खटला कळत नाही. एका भागात सरकार काही प्राण्यांना 'हानिकारक' ठरवून त्यांची आयात आणि ठरावीक वाहतूक बंद करतं. पहिल्याच कायद्यात मुंगूस, फळं खाणारी वटवाघळं, चिमणी आणि स्टार्लिंग यांची नावं होती. दुसऱ्या भागानुसार एखाद्या राज्याचा वन्यजीव कायदा मोडून प्राणी राज्याच्या सीमेपार नेला, तर तो केंद्रीय गुन्हाही होतो. पहिला भाग मोडणाऱ्या व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. एक गोष्ट मात्र हा पहिला भाग करत नाही: घरात असलेला साप बाळगणं तो बेकायदा ठरवत नाही. बाळगण्याचा प्रश्न राज्यांचा.

अर्जानंतरचा क्रम असा. जानेवारी २००८ मध्ये सरकारने लोकांकडून माहिती मागवली. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाने नऊ मोठ्या सापांचा जोखीम-अहवाल दिला. त्यातले पाच 'उच्च जोखमी'चे ठरले: बर्मीज अजगर, उत्तर आणि दक्षिण आफ्रिकी अजगर, पिवळा अ‍ॅनाकोंडा आणि बोआ कन्स्ट्रिक्टर. उरलेले चार, म्हणजे रेटिक्युलेटेड अजगर, हिरवा अ‍ॅनाकोंडा आणि अ‍ॅनाकोंडाच्या आणखी दोन जाती, 'मध्यम जोखमी'चे. मार्च २०१० मध्ये नऊही जातींवर बंदीचा प्रस्ताव आला. जानेवारी २०१२ मध्ये अंतिम नियम निघाला तो फक्त चार जातींसाठी, आणि लागू झाला २३ मार्चला. अर्जापासून अंमलापर्यंत पावणेसहा वर्षं गेली. या सगळ्या काळात अजगर विकणं, आणणं आणि देशभर पाठवणं केंद्राच्या दृष्टीने कायदेशीर होतं. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

उशीर झाला त्यामागे आळस होता असं मी म्हणणार नाही. प्रत्येक टप्प्यावर आर्थिक परिणामांचा आढावा, जनतेच्या हरकती आणि शास्त्रीय वाद यांची उत्तरं द्यावी लागत होती. लोकशाहीत नियम असेच बनतात, आणि बनायला हवेत. अडचण वेगळी आहे: या काळात प्राण्याची ये-जा चालू राहावी की थांबावी, याचा निर्णय कायद्याने आधीच 'चालू राहावी' असा करून ठेवलेला आहे. शंकेचा फायदा दर वेळी व्यापाराला मिळतो.

मार्च २०१५ मध्ये दुसरी यादी आली. तिच्यात मध्यम जोखमीच्या चारही जाती बसल्या. बोआ कन्स्ट्रिक्टर मात्र वगळला गेला. अहवालात तो उच्च जोखमीचा होता, आणि मायामीजवळच्या डीअरिंग इस्टेटमध्ये त्याची वस्ती १९७० च्या दशकापासून टिकून असल्याचं माहीत होतं. पण नऊ जातींमध्ये सर्वांत जास्त घरांत पाळला जाणाराही तोच. जोखीम कमी असलेले साप यादीत आणि जास्त असलेला यादीबाहेर, हा निकाल फक्त विज्ञानाने लागलेला नाही हे उघड आहे.

याच कायद्याने वेळेआधी काम केल्याचं एक उदाहरण आहे, आणि मला ते या प्रकरणातलं सर्वांत बोलकं वाटतं. युरोपात एका बुरशीने सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखे दिसणारे शेपटीचे उभयचर प्राणी, मोठ्या संख्येने मरू लागले. ती बुरशी अमेरिकेत तोवर सापडलेली नव्हती. तरीही जानेवारी २०१६ मध्ये त्याच मत्स्य व वन्यजीव सेवेने अंतरिम नियम काढून सॅलॅमँडरच्या २०१ जातींना एका फटक्यात 'हानिकारक' ठरवलं, आणि नियम त्याच महिन्यात लागू झाला. कायदा तोच, खातं तेच. म्हणजे नुकसान व्हायची वाट पाहणं कायद्यात अटळ असं लिहिलेलं नाही. सॅलॅमँडरमागे सापांएवढा मोठा व्यापार उभा नव्हता, हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

फ्लोरिडाने स्वतः काय केलं

राज्य या बाबतीत केंद्रापेक्षा आधी जागं झालं. १ जानेवारी २००८ पासून फ्लोरिडात बर्मीज अजगरासह काही सरीसृप 'चिंताजनक' वर्गात गेले. पाळण्यासाठी वर्षाला १०० डॉलरचा परवाना, ठरावीक जाडीच्या पुढच्या सापाच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप, आणि पळून गेल्यास काय करणार याचा लेखी आराखडा सक्तीचा झाला. जुलै २००९ मध्ये सम्टर काउंटीत घरात पाळलेल्या एका बर्मीज अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्या सापाचा परवाना काढलेलाच नव्हता. या घटनेने राजकीय इच्छा जागी झाली आणि १ जुलै २०१० पासून हे मोठे साप पाळीव म्हणून नव्याने घेण्यावर राज्याने बंदी घातली. ज्यांच्याकडे आधीपासून परवान्यासह साप होते, त्यांना ते हयातभर ठेवायची मुभा मिळाली.

ही शेवटची सवलत महत्त्वाची आहे. एका रात्रीत सगळे पाळीव साप बेकायदा ठरवले असते तर घाबरलेल्या मालकांनी ते सोडले असते कुठे? त्याच दलदलीत. २०२१ मध्ये राज्याने बर्मीज अजगर, रेटिक्युलेटेड अजगर, हिरवा अ‍ॅनाकोंडा, तेगू, हिरवी इग्वाना अशा १६ सरीसृपांना 'प्रतिबंधित' यादीत टाकलं, तेव्हाही आधीपासूनच्या पाळीव प्राण्यांची चिपसह नोंदणी करायला मालकांना ९० दिवस दिले.

याहून मोलाचं काम मला २००६ पासून चालू असलेल्या माफी योजनेचं वाटतं. परदेशी पाळीव प्राणी नकोसा झाला, तर तो परवाना असो वा नसो, काही न विचारता, दंड न करता राज्य स्वीकारतं आणि आधी तपासून नोंदवलेल्या पालकांकडे देतं. सोडून देण्याइतकाच परत देण्याचा रस्ता सोपा केला, एवढंच या योजनेचं तंत्र. दंडाची भीती घालून असं काम होत नाही, कारण दलदलीत साप सोडणारा माणूस पकडला जाणं जवळजवळ अशक्य असतं. माझी तक्रार एवढीच, की ही सोय १९८० च्या दशकात हवी होती, जेव्हा साप थोडे होते.

खटला: बंदी नेमकी कुणापासून कुणापर्यंत?

डिसेंबर २०१३ मध्ये सरीसृप पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने केंद्र सरकारविरुद्ध वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. मुद्दा सापांच्या स्वभावाचा नव्हता, कायद्यातल्या एका वाक्याचा होता. हानिकारक प्राण्यांची वाहतूक कुठल्या प्रदेशांमध्ये बंद, हे सांगताना कायदा पाच नावं देतो: खंडीय अमेरिका, राजधानी वॉशिंग्टनचा जिल्हा, हवाई, प्वेर्तो रिको आणि अमेरिकेच्या ताब्यातले इतर प्रदेश. सरकार वर्षानुवर्षं याचा अर्थ असा लावत आलं, की खंडीय अमेरिकेतल्या ४९ राज्यांमध्ये आपापसातही वाहतूक बंद. संघटना म्हणाली, की खंडीय अमेरिका हा या यादीतला एक घटक आहे. बंदी एका घटकातून दुसऱ्यात नेण्यावर आहे, घटकाच्या पोटातल्या हालचालीवर नाही.

मे २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी कोलंबिया जिल्ह्याच्या, म्हणजे राजधानी वॉशिंग्टनच्याच, अपील न्यायालयाने संघटनेचं म्हणणं मान्य केलं. निकालपत्र न्यायमूर्ती श्रीनिवासन यांचं. वाक्याचा साधा अर्थ, आणि अलास्का व हवाई राज्यं झाल्यानंतर १९६० मध्ये बदललेली शब्दरचना, या दोन्हींकडे पाहिलं तर ४९ राज्यांमधली आपसातली ने-आण या तरतुदीत येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. टेक्सासातून ओहायोला अजगर नेणं त्यामुळे केंद्राच्या या नियमाने गुन्हा राहिलं नाही. खंडीय अमेरिकेतून हवाईला नेणं मात्र गुन्हाच राहिलं. हवाई राज्य स्वतःही साप अजिबात चालवून घेत नाही. तिथे बेकायदा साप बाळगल्यास दोन लाख डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो, परिणाम आवडला नाही तरी. फौजदारी शिक्षा असलेल्या कायद्यात सरकारने स्वतःच्या सोयीने अर्थ ताणू नये. शब्द अपुरे असतील तर ते बदलायचं काम संसदेचं. शिवाय निकालाने फ्लोरिडा उघडा पडला असंही नाही. लेसी कायद्याचा दुसरा भाग शाबूत आहे: फ्लोरिडाचा नियम मोडून तिथे अजगर नेला, तर तो आजही केंद्रीय गुन्हा ठरतो. उघडी पडली ती राज्यं, ज्यांचे स्वतःचे नियमच नाहीत. आणि हा परिणाम सापांपुरता थांबला नाही. यादीतले मासे, शिंपले आणि ते २०१ सॅलॅमँडर या सगळ्यांची राज्याराज्यांतली वाहतूक त्या कलमातून एकाच वेळी बाहेर पडली.

पाळणाऱ्यांचं म्हणणं

सरीसृप पाळणारे लोक बेफिकीर असतात, हा समज मला अन्यायाचा वाटतो. सापांच्या आहाराबद्दल, आजारांबद्दल, प्रजननाबद्दल जी माहिती आज उपलब्ध आहे, तिच्यातला मोठा वाटा अशा हौशी माणसांचा आहे. २०१२ ते २०१७ या काळात त्यांनी सोसलेली अडचणही खरी होती. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात जायचं तर वीस वर्षं सांभाळलेला साप मागे ठेवावा लागे. सीमेपलीकडच्या पशुवैद्याकडेही नेता येत नसे.

त्यांचा मुख्य युक्तिवाद हवामानाचा. बर्मीज अजगर दक्षिण फ्लोरिडाबाहेर जगूच शकत नाही, मग मिनेसोटातल्या माणसाला बंदी कशाला? यावर शास्त्रज्ञांतही जोरदार वाद झाला. भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या संशोधकांच्या एका नकाशात देशाचा दक्षिणेकडचा साधारण एक तृतीयांश भाग अजगराला मानवेल असं दाखवलं होतं. दुसऱ्या गटाच्या प्रारूपात दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासचं टोक एवढाच भाग आला. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीने थोडं उत्तर दिलं. एव्हरग्लेड्समध्ये रेडिओ-यंत्र बसवलेल्या १० अजगरांपैकी ९ मेले. दक्षिण कॅरोलिनात प्रयोगासाठी कुंपणात ठेवलेले दहाच्या दहा मेले.

म्हणजे मिनेसोटापुरतं पाळणाऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मिनेसोटात विकलेला साप मिनेसोटातच राहतो असं नाही. राज्याच्या सीमेवर प्राण्यांची तपासणी होत नाही. आणि त्या थंडीतून जे अजगर वाचले, ते खोल बिळात शिरले म्हणून की त्यांची शरीरंच थंडी सोसणारी होती म्हणून, हा प्रश्न उरतोच. दुसरं असेल तर पुढची पिढी त्यांची आहे.

दलदलीत आज

एव्हरग्लेड्समधला अजगर शोधणं किती अवघड, याचा अंदाज एका आकड्यातून येतो: समोरच्या परिसरात असलेला अजगर माणसाच्या नजरेस पडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी मानली जाते. २०१३ मध्ये राज्याने पहिली खुली अजगर-शोध स्पर्धा घेतली. सुमारे १,६०० लोकांनी नाव नोंदवलं आणि सापडले ६८ अजगर. २०२५ च्या स्पर्धेत २९४ सापडले, आजवरचे सर्वाधिक. २०१७ पासून जलव्यवस्थापन मंडळ आणि वन्यजीव आयोग पगारी शिकारीही नेमतात. सुरुवातीच्या दरांनुसार तासाच्या मजुरीखेरीज पहिल्या चार फुटांना ५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक फुटाला २५. २००० पासून राज्यात २३ हजारांहून अधिक अजगर काढले गेले आहेत.

जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूतले इरुला समाजाचे दोन सर्पतज्ज्ञ, वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन, फ्लोरिडा विद्यापीठाच्या निमंत्रणावरून तिथे गेले. गवतातल्या घसटीच्या खुणा, विष्ठा, उन्हाला बसायच्या जागा वाचत त्यांनी पहिल्या आठ दिवसांत १३ अजगर पकडले. त्यातली एक १६ फुटी मादी की लार्गो बेटावरच्या जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या अवशेषांत सापडली. २०२३ मध्ये दोघांनाही पद्मश्री मिळाली. हजार माणसांच्या गर्दीपेक्षा साप कसा वागतो हे जाणणारी दोन माणसं अधिक उपयोगी पडतात, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा.

अशाच ज्ञानावर नेपल्स शहरातल्या दक्षिण-पश्चिम फ्लोरिडा संवर्धन संस्थेचं २०१३ पासूनचं काम उभं आहे. नर अजगरात रेडिओ-यंत्र बसवून त्याला सोडतात. विणीच्या हंगामात तो मोठ्या माद्यांपर्यंत घेऊन जातो. अशाच मागावर सापडलेली, जवळजवळ १८ फूट लांब आणि २१५ पौंड, म्हणजे सुमारे ९८ किलो वजनाची मादी २०२२ मध्ये जगापुढे आली. तिच्या पोटात १२२ वाढणारी अंडी होती आणि हरणाच्या खुरांचे अवशेष.

परिणाम फक्त खाल्ल्या गेलेल्या प्राण्यांपुरता नाही. पाणससे दिसेनासे होण्यामागे अजगरच आहेत का, हे तपासायला संशोधकांनी सशांना रेडिओ-पट्टे बांधून उद्यानात सोडलं. मेलेल्या सशांपैकी ७७ टक्के अजगरांनी खाल्लेले निघाले. आशियातून अजगरांबरोबर आलेला फुफ्फुसातला एक परजीवी फ्लोरिडाच्या स्थानिक सापांमध्ये शिरला आहे. अजगर उद्या सगळे नाहीसे झाले तरी तो परजीवी राहील. २०२३ मध्ये भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या पुढाकाराने तोवरच्या सगळ्या संशोधनाचा एकत्र आढावा निघाला. हातात असलेल्या साधनांनी दक्षिण फ्लोरिडातून बर्मीज अजगराचं संपूर्ण उच्चाटन बहुधा शक्य नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

सध्याच्या नियमांत एक बारकावा आहे. सामान्य माणसाने रानातला अजगर पकडला तर त्याला तो जिवंत नेता येत नाही. जागेवरच, वेदना न देता मारावा लागतो. वाचायला कठोर वाटतं, पण जिवंत साप गाडीत घालून नेऊ दिला की तोच उद्या दुसऱ्या कालव्याकाठी निसटतो.

पुढे काय बदलायला हवं

मग २०१२ ची बंदी वाया गेली का? बर्मीज अजगरापुरती बऱ्याच अंशी हो. पण हिरवा अ‍ॅनाकोंडा किंवा रेटिक्युलेटेड अजगर यांची तशी वस्ती फ्लोरिडात अजून उभी राहिलेली नाही, आणि त्यांची आयात बंद आहे. उत्तर आफ्रिकी अजगर मायामीच्या पश्चिमेला एका लहान पट्ट्यात सापडला आणि तिथेच त्याच्यावर मोहिमा चालल्या. या जातींबाबत यादी वेळेवर आली असं म्हणता येईल. न घडलेल्या नुकसानीचं श्रेय कुणी मोजत नाही, म्हणून हे सांगायला हवं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने एका मोठ्या विधेयकात लेसी कायद्याची दुरुस्ती घातली होती. ४९ राज्यांमधल्या वाहतुकीचा अधिकार तिने सरकारला परत दिला असता, आणि नव्याने येणाऱ्या प्राण्यांसाठी आधी परवानगी, मग आयात असा क्रम लावला असता. पाळणाऱ्यांच्या संघटनेने जोरदार विरोध केला आणि अंतिम कायद्यात ती दुरुस्ती राहिली नाही. विरोधाला कारण होतं: तिची व्याप्ती इतकी मोठी होती की घराघरांतले निरुपद्रवी मासे-सरडेही संशयाखाली आले असते. मला वाटतं, अजून मोठ्या व्यापारात न आलेल्या जातींनाच पूर्वपरवानगी लावली असती, आधीपासून पाळलेल्या प्राण्यांना चिप आणि नोंदणीसह मुभा दिली असती आणि प्रत्येक राज्यात फ्लोरिडासारख्या माफी योजनेसाठी केंद्राने पैसे ठेवले असते, तर संघटनेतल्याच अनेकांनी पाठिंबा दिला असता.

बोआ कन्स्ट्रिक्टरची फाईल मात्र नव्या कायद्याची वाट न पाहताही उघडता येईल. जोखीम-अहवाल २००९ पासून तयार आहे, डीअरिंग इस्टेटमधली वस्ती समोर आहे. त्याला सरसकट यादीत घालणं शक्य नसेल, तर निदान दक्षिणेकडच्या उबदार राज्यांनी परवाना, चिप आणि माफी हे तीन नियम त्याला आताच लावावेत.